शनिवारची सुई

कार्तिकातले ऊन कऱ्हेच्या पठारावर सावकाश उतरते. आधी पुरंदरच्या धूसरनिळ्या माथ्यावर, मग झेंडूच्या केशरपिवळ्या वाफ्यांवर, मग अंजिराच्या रुंद, खरखरीत, पंजासारख्या पानांवर. विहिरीचे पाणी वरच्या पायरीशी येऊन आभाळ न्याहाळत बसलेले असते. हवा इतकी निवळशंख, की दूरच्या कड्यावरचे एकुलते एक झाडही नावाने हाक मारावी असे जवळ वाटावे.

अशाच एका निर्मळ, सुवर्णधूसर दुपारी कुमुद पुण्याहून परतली, ती छातीशी एक निळा थर्मास धरून. थर्मासात बर्फ होता. बर्फात औषधाची पहिली, काचेची इवलीशी कुपी होती. आणि त्या कुपीत कुमुदचे पुढचे जवळजवळ सारे वर्ष होते.

कुमुद गावच्या शाळेतली बाई. पन्नाशीला टेकलेली, सडपातळ, मितभाषी. पांढऱ्या सुती साडीची, ताठ मानेची, कमी हसणारी. तिच्या आवाजात खडूची शुभ्र कोरड होती आणि चालण्यात घंटेची शिस्त. तरुणपणी तिचे लग्न झाले होते, आणि कूसही उजवायला आली होती. पण बाळ पोटातच निवले, आणि त्याच्यामागोमाग तिचाही प्राण वाहून चालला. तेव्हा कुठल्याशा दवाखान्यात, कुणा अनोळखी माणसाचे रक्त तिच्या शिरांत थेंबाथेंबाने उतरवले गेले, आणि मावळतीला लागलेली कुमुद पुन्हा उजेडात आली.

पुढे नवराही गेला. एक लोखंडी पेटी घेऊन ती धाकट्या भावाच्या, सोपानच्या घरी आली. आली ती राहिलीच.

ज्या परक्या रक्ताने तिला मरणाच्या उंबऱ्यावरून मागे ओढले, त्याच रक्तातून एक अदृश्य पाहुणा तिच्या देहात उतरला होता. तो बोलला नाही, दुखला नाही, ऋतूंमागून ऋतू तिच्या काळजाखालच्या अंधारात निमूट वस्ती करून राहिला. ती फळ्यावर बाराखडी लिहीत राहिली, तो तिचे यकृत कुरतडत राहिला. मग एका पावसाळ्यात तिला जिना चढवेना, भाकरी गिळवेना. रक्त तपासले, तेव्हा त्या पाहुण्याचे नाव कळले. हेपॅटायटिस सी.

पुण्याचे डॉक्टर वयस्क होते, आणि खोटा धीर देणारे नव्हते. "दर आठवड्याला एक इंजेक्शन," ते म्हणाले. "रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या. जवळपास वर्षभर. औषध तुम्हाला थकवील, बाई. आजाराने थकवलं त्याहून जास्त थकवील."

"आणि मग?"

"मग बहुधा जाईल. बहुधा म्हणतोय मी."

त्या एका शब्दावर, 'बहुधा'च्या त्या डुगडुगत्या फळीवर पाय ठेवून कुमुद घरी परतली होती.

*

घरात सोपान होता, आणि सोपानची बायको मालन.

मालन म्हणजे दिवसभर वाजत राहणारे घर. भांडी आपटणारी, शेजारणीशी कुंपणावरून मोठ्याने बोलणारी, गाईला शिव्या घालत गाईचीच पाठ खाजवणारी. अंजिराची बाग तिच्या अंगावर होती. लेक सासरी नांदत होती. सही करताना तिला जीभ दातांत धरावी लागे. कुमुदला तिचा चहा फार गोड लागे, तिचे बोलणे फार उंच लागे. मालनला नणंदेचे मौन फार जड वाटे. एकाच छपराखाली, एकाच चुलीच्या धुरात, त्या दोघींमध्ये कुणीही न बांधलेली एक भिंत वर्षानुवर्षे उभी होती. भांडण नव्हते. भांडणाइतकी जवळीकच नव्हती.

गावची नर्स शनिवारी वाड्यावस्त्यांवर जाई, आणि इंजेक्शन तर शनिवारीच घ्यायचे होते, म्हणजे रविवारचा ताप सुट्टीत जिरून सोमवारी शाळा गाठता येईल. सुई कोण टोचणार? सोपानला रक्ताच्या थेंबानेही घेरी येई.

"मी टोचीन," चुलीपुढून मालन म्हणाली.

कुमुदने तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात विश्वास नव्हता, आणि तो नसल्याचे लपवलेलेही नव्हते.

मालन नर्सच्या घरी जाऊन बसली, आणि कच्च्या मोसंबीवर सुई टोचत राहिली. हात स्थिर होईपर्यंत, साल दुखावल्याशिवाय सुई आत शिरेपर्यंत. पहिल्या शनिवारी, दिवेलागणीच्या जांभुळसावळ्या उजेडात, तिने कुपी दोन्ही तळव्यांत धरली, थंडपणा निघेस्तोवर गोल गोल फिरवली. मग कुमुदच्या पोटाची सुरकुतली कातडी चिमटीत पकडली आणि म्हणाली, "वन्सं, तिकडं भिताडाकडं बघा."

सुई गेली. आत वितळलेले थंडगार वर्ष थेंबभर कमी झाले.

*

ताप आला तो संध्याकाळच्या पावलांमागून. आधी गुडघ्यांत एक निळसर कळ जागी झाली, मग पाठीच्या मणक्यांतून हिवाची एक सळसळती, गोठवती नागीण वर चढली. दात दातांवर वाजू लागले. अंगावर वाकळ पडली, वाकळीवर घोंगडी पडली, घोंगडीवर सोपानचा जुना कोट पडला, तरी कुमुद हलतच होती, वाऱ्यावरच्या वाळल्या शेंगेसारखी. पायांशी बसून मालन तिच्या पोटऱ्या दाबत होती. "जाईल, जाईल," ती म्हणत होती, गाईला म्हणावे तसे. मग हीव ओसरले आणि अंगाचा तवा झाला. मग घामाच्या धारांत तवाही विझला. रविवारच्या सकाळी अंथरुणावर उरली ती धुऊन पिळून टाकलेली, रंग गेलेली एक बाई.

असे शनिवार आले. आणि येत राहिले.

हिवाळा पठारावर स्थिरावला. सकाळी कऱ्हेवर धुके लोळू लागले, अंजिराच्या फांद्यांना टाचणीएवढी हिरवी फळे फुटली. पण कुमुदच्या जिभेवर एकच चव नांदत होती, गंजल्या लोखंडाची, जुन्या नाण्याची. भात लोखंडाचा, दूध लोखंडाचे, पाणीही लोखंडाचे. फणी फिरवली की फणीत केसांचे पुंजके येत, काळ्यापांढऱ्या, निराधार घरट्यांसारखे. ती ते गुंडाळून खिडकीबाहेर ठेवी. चिमण्या नेत.

जगण्याचे तिने लहान लहान तुकडे केले. पूर्वी ती घरून निघे आणि शाळेत पोहोचे. आता ती घरून निघे आणि लिंबापर्यंत पोहोचे. लिंबाखाली श्वास गोळा करी. मग मारुतीच्या पारापर्यंत. पारावर टेकून आभाळ बघी. मग हौदापर्यंत, मग शाळेच्या फाटकापर्यंत. आंघोळीला ती स्टुलावर बसे. साडी नेसता नेसता मधेच थांबून निऱ्या हातात तशाच धरून भिंतीला टेकून राही, वाऱ्याची वाट पाहणाऱ्या शिडासारखी. एका वेळी एकच काम, एका दमात एकच वाक्य. वर्गात ती खुर्चीवर बसून शिकवू लागली. तिचा आवाज उतरला तसा मुलांनीही आपला आवाज उतरवला, आणि चौथीचा तो गलबलाटी वर्ग हळूहळू कुजबुजत कविता म्हणू लागला, पाचोळ्यातून झऱ्याने जावे तसा.

शिक्षकांच्या खोलीत मात्र तिचा पाण्याचा पेला कुणी उचलेना. कुणी काही बोलले नाही. पेला फक्त खिडकीच्या कोपऱ्यात एकटा पडला.

तेव्हा कुमुदने घरातही आपणहून ताट, वाटी, पेला वेगळा काढला. आपल्या खोलीतल्या फळीवर मांडला. स्वतः विसळी, स्वतः पुसून ठेवी. कुणाला सांगितले नाही, आणि कुणाला विचारलेही नाही. दुसऱ्याने वाळीत टाकण्याआधी माणूस कधी कधी स्वतःलाच वाळीत टाकते, म्हणजे दुखणे थोडे आपल्या हातात राहते.

एका सकाळी ती उठली तेव्हा फळी रिकामी होती. स्वयंपाकघरात मालन राखेने भांडी घासत होती. सगळ्यांच्या ताटांत कुमुदचे ताट, सगळ्यांच्या वाट्यांत कुमुदची वाटी. घासलेली भांडी परसात उन्हात पालथी पडली होती, आणि कोणते कुणाचे ते सूर्यालाही सांगता आले नसते.

"मालन, ती माझी भांडी वेगळी होती."

"व्हती."

"मुद्दाम ठेवली होती."

"डाक्टर तुमच्याम्होरंच म्हणालं न्हवं, ताटातनं पसरत न्हाई म्हणून?" मालनने राखेचा हात न थांबवता विचारले. "मग? मी दोनदा भांडी घासत बसू व्हय?"

कुमुद तिथेच चौकटीला धरून उभी राहिली. उन्हात ताटे चकाकत राहिली.

*

माघ सरला. फाल्गुनात पठाराचा रंग उडाला. गवत पिवळे, मग तपकिरी, मग नुसती धूळ झाले. ओढ्याच्या काठी पांगारे पेटले, पानाविना, लालभडक, निःशब्द. उन्हाच्या झळांत डोंगर थरथरू लागले.

औषधाने आता देह सोडून मनात पाय ठेवला होता. डॉक्टरांनी सांगितले होते, असे होईल. पण होईल हे ऐकणे वेगळे, आणि आपल्याच तोंडातून परक्याचा आवाज निघताना ऐकणे वेगळे. कुमुदला कारणावाचून रडू येई. दार वाजले की राग येई, दार वाजले नाही की त्याहून अधिक. सोपानची चप्पल, गाईचे हंबरणे, चुलीवरच्या फोडणीचा वास, सारे तिच्या उघड्या पडलेल्या शिरांवरून खरवडत जाई. वर्षानुवर्षे सांभाळलेली तिची शांतता उन्हातल्या मेणासारखी मऊ पडून कुठल्याकुठे वाहून चालली होती.

एका दुपारी मालन मऊ भाताची वाटी घेऊन खोलीत आली. भातावर तूप होते, तुपावर मीठ होते.

"दोन घास खा, वन्सं."

"नको."

"कालपासनं न्हाई खाल्लं. येवढं दोन घास..."

"नको म्हटलं ना!" कुमुद ओरडली. गावात कुणी कधी ऐकला नव्हता असा तो आवाज, फाटलेला, काटेरी. "कशाला चाललंय हे सगळं? मला कळत नाही? मी कधी जाते आणि ही खोली कधी मोकळी होते, याचीच वाट बघतेयस तू!"

शब्द निघाला. निघालेला शब्द खोलीभर फिरला, भिंतींना आपटला, आणि दोघींच्या मध्ये, फरशीवर, येऊन पडला.

मालनने वाटी तिवईवर ठेवली. वाटीचा आवाज होऊ दिला नाही. आयुष्यभर भांडी आपटणाऱ्या त्या बाईने ती वाटी इतकी अलगद ठेवली, की भातावरचे तूपही हलले नाही. मग पदर डोक्यावर ओढून मालन बाहेर गेली. बराच वेळ अंजिराच्या बागेतून सुक्या पानांवरच्या पावलांचा आवाज येत राहिला, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

त्यानंतर घर शांत झाले. कुमुदला हवी होती तशी, कुमुदने वर्षानुवर्षे मागितली होती तशी शांतता. गरम पाणी वेळेवर येई. गोळ्या वेळेवर येत. भात येई, तूप येई, मीठ येई. फक्त आवाज येत नसे. आणि त्या शांततेत पडल्या पडल्या कुमुदला कळले, की या घरात इतकी वर्षे आपल्याला जागते ठेवत होता तो त्या भांड्यांचाच आवाज होता.

माफी तिच्या ओठांपर्यंत येई आणि लोखंडी चवीत विरघळून परत फिरे.

*

चैत्राच्या तोंडावर रक्त पुन्हा तपासले. पाहुणा बराच मागे हटला होता, पण पुरता गेला नव्हता. आणि औषधाने तिचे स्वतःचे रक्तही पातळ केले होते, इतके की ओठ पांढरे पडले होते.

"गोळ्या कमी करू," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन मात्र चालू ठेवावं असं मला वाटतं. निम्मा रस्ता झालाय, बाई. पण चालायचं तुम्हाला आहे. मी जबरदस्ती करणार नाही."

परतीच्या वाटेवर ती सोपानला म्हणाली, "मला पुरे झालं आता. थांबवते मी."

"आक्का..." सोपान एवढेच म्हणाला. घरी आल्यावर तो बागेत पाणी सोडायला गेला, तो अंधार पडेस्तोवर पाण्यापाशीच उभा राहिला.

शनिवार आला. पश्चिमेला अंजिरी रंगाचे, आतून लाल, कडेने जांभळे आभाळ उलगडले. मालन फ्रीजमधून कुपी काढून आली आणि नेहमीसारखी तळव्यांत फिरवू लागली.

"नको काढूस," कुमुद भिंतीकडे पाहत म्हणाली. "सोपानने सांगितलं नाही का तुला? मी थांबवतेय."

मालनच्या हातातली कुपी फिरायची थांबली. मग पुन्हा फिरू लागली.

"सांगितलं त्यांनी."

"मग?"

मालन खाटेच्या कडेवर टेकली. बोलण्यासाठी ती अशी प्रथमच बसत होती. बाहेर वासरू हंबरले, विहिरीवरचा पंप खोकत खोकत बंद पडला, आणि उजेडाची शेवटची तिरीप खिडकीच्या गजांतून येऊन तिच्या मांडीवर पडली.

"तुम्ही गेला तर खोली मोकळी व्हईल, वन्सं," ती सावकाश म्हणाली. "पर मला न्हाई पायजे मोकळी खोली. मी काय करू तिचं? पोरगी सासरी. मालक दिसभर रानात. कुनाशी न बोलता दिस काढायची सवय न्हाई मला. तुम्ही बोलत न्हाई, पर तुम्ही हाय."

ती थांबली. तिचा चढा, उंच, कुंपणापलीकडे जाणारा आवाज आता खोलीच्या चार भिंतींतही मावत होता.

"तुम्हाला लई तरास हुतो, दिसतंय मला. थांबायचं तर थांबा. मी काय म्हणनार न्हाई. पर माझ्यापायी थांबू नगा. मी दमले न्हाई."

कुमुदच्या डोळ्यांत पाणी आले नाही. औषधाने तिला इतके रडवले होते, की खऱ्या रडण्यासाठी आत काही शिल्लकच नव्हते. तिने नुसती मान भिंतीकडे वळवली, आणि पोटावरचा पदर बाजूला केला.

सुई गेली. आभाळ विझले. हीव आले, आणि पोटऱ्यांवर ते दोन हात आले.

*

वैशाख पेटला. अंजिराचा मीठा, उन्हाळी बहर झाडावर उतरला होता. दुग्धगर्भ, जांभुळहिरवी, मधुभारनम्र फळे पानापानांआड लोंबत होती, पक्ष्यांच्या चोचींना बोलावीत होती. पहाटेच्या गारव्यात मालन बागेत शिरे, ती ऊन डोक्यावर आल्यावर बाहेर पडे. अंजीर खुडले की देठातून पांढरा चीक ओघळतो. दिसायला दुधासारखा निष्पाप, पण कातडीवर उन्हात वाळला की जाळत जाणारा.

त्या शनिवारी कुमुदची खिडकी पश्चिमेच्या उजेडाने काठोकाठ भरली होती. मालन कुपी घेऊन आली. आज तिने बोटांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. कुपी तळव्यांत धरून फिरवली, तशी ती ओठांतल्या ओठांत कण्हली.

"हात बघू," कुमुद म्हणाली.

"काय न्हाई. चीक लागलाय."

"बघू म्हटलं."

हा वर्गातला आवाज होता, कित्येक महिन्यांत न निघालेला. मालनने, चुकून, हात पुढे केले.

कुमुदने चिंध्या सोडल्या. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. शेवटच्या वेढ्याला कापड कातडीला चिकटले होते. पाण्याने भिजवून तिने ते हलके हलके सुटे केले. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तिने मालनचे हात पाहिले.

बोटांच्या पेरांवरची साल गेली होती. खाली ओले, गुलाबी, जळके मांस उघडे पडले होते. तळव्यांना भेगा होत्या, भेगांना काळ्या कडा होत्या, भेगांत माती होती, चीक होता, चुलीची राख होती. नखे झिजून अर्धी झाली होती. हेच हात. ह्याच हातांनी शनिवारमागून शनिवार ती थंड कुपी ऊबदार केली होती. ह्याच हातांनी तिची कातडी चिमटीत धरली होती, आणि कुमुदला वाटत आले होते, की किती खरखरीत हात आहेत हिचे. ह्याच हातांनी वाटी ठेवली होती, आवाज न करता.

कुमुद उठली. भिंतीला धरून, मग दाराला धरून, मग ओट्याला धरून स्वयंपाकघरात गेली. खोबरेल तेलाची वाटी आणली, त्यात चिमूटभर हळद आणली. पिवळ्या, संथ, सुगंधी तेलात तिने बोट बुडवले, आणि मालनच्या एकेका पेरावर, एकेका भेगेवर, फुंकर घालत घालत ते फिरवू लागली. खिडकीतून ऊन येत होते. उन्हात तेल चमकत होते, तेलात हात चमकत होते, हातांवर हात चमकत होते.

"मालन," ती म्हणाली, मान वर न करता. "त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"ते औषध बोललं."

"नाही." कुमुदने फुंकर घातली. "औषधाने तोंड उघडलं. बोलले मीच."

मालन म्हणाली, "बरं. तुम्ही बोलला. लागलं मला. लई लागलं." आणि नंतर, "आता ह्या अंगठ्याला लावा. हितं आग व्हतीय."

कुमुदला हसू आले. हसण्याने धाप लागली, धाप लागल्याने पुन्हा हसू आले. मालनही हसली, आधी नाकातून, मग मोठ्याने, कुंपणापलीकडे जाईल असे. पलीकडच्या झाडावरून पोपटांचा एक हिरवा, कलकलता थवा उडाला.

हात तेलात न्हालेले, मालन सुई कशी धरणार? कुमुदने कुपी स्वतःच्या तळव्यांत घेतली, गोल गोल फिरवली. तिला स्वतःच्या हाताने टोचून घ्यायचे धाडस कधीच झाले नव्हते. आज मालन शेजारी बसून सांगत राहिली. "वाकडी न्हाई, अशी सरळ धरा. आता दम सोडा. दम सोडला का कातडं ढिलं पडतंय." कुमुदने श्वास सोडला. सुई आपसूक आत शिरली, आणि तिला जाणवले की ती भिंतीकडे पाहत नव्हती.

ताप आला तेव्हा मालन नेहमीच्या जागी, पायांशी होती. पण आज तिने पोटऱ्या दाबल्या नाहीत. हात मांडीवर उताणे टाकून ती बोलत राहिली. गाईबद्दल, लेकीच्या सासूबद्दल, यंदाच्या पोपटांबद्दल, शेजारणीच्या मुंबईहून आलेल्या सुनेबद्दल. हिवाने थडथडत कुमुद ऐकत राहिली. ते चढे, उंच, न थांबणारे बोलणे तिच्या अंगावर चौथ्या पांघरुणासारखे पडत राहिले.

*

मग आषाढ आला, श्रावण आला, पठार हिरवे झाले. शनिवार येत राहिले. काही सोसले गेले, काही नुसते ढकलले गेले. एकदा कुमुद शाळेच्या पायरीवर चक्कर येऊन बसली. एकदा तिने पूर्ण आठवडा खोलीचे दार उघडले नाही, आणि मालनने दाराबाहेर पाट टाकून तिथेच भाजी निवडली, बोलत बोलत. बरे होण्याची वाट सरळ नव्हती. ती कऱ्हेसारखी होती, वळणांची, मधेच वाळूत हरवणारी, मधेच एखाद्या डोहात निळी होऊन थांबणारी. पण ती पुढे जात होती.

आश्विनात, शेवंतीच्या पहिल्या कळ्या उघडत असताना, शेवटची सुई झाली. रिकामी कुपी खिडकीत ठेवून दोघी तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि आता काय करायचे ते दोघींनाही कळेना.

"आता वाट बघायची," डॉक्टर म्हणाले होते. "औषध थांबल्यावरही तो परत येत नाही, हे बघायला लागतं. सहा महिने."

पोटात काय आहे हे ठाऊक नसताना जगणे, हे सुईहून अवघड निघाले. कुमुदच्या जिभेवर हळूहळू मीठ परतले, मग आंबट परतले, मग एका सकाळी मालनचा चहा गोड लागला. फार गोड. तिने कपभर पिऊन पुन्हा अर्धा मागितला. डोक्यावर कोवळे, रुपेरी केस उगवले. ती लिंबापाशी न थांबता पारापर्यंत जाऊ लागली, मग एक दिवस पारही मागे पडला. पण रोज पहाटे जाग येताच पहिला विचार येई, तो त्या पाहुण्याचा. आहे? की नाही?

चैत्रात रक्त दिले. काही दिवसांनी निकाल आणायला दोघीच गेल्या. बागेत अंजिराची तोड चालू होती, सोपानला निघता आले नाही. तोडीचे काम अर्धे टाकून मालन मात्र निघाली.

डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला. "नाही सापडला," ते म्हणाले.

मालन पुढे वाकली. "म्हंजे गेला का?"

"गेला."

"पुन्यांदा?"

"नाही यायचा. यकृताला झालंय ते झालंय, जपायला लागेल, अधूनमधून दाखवायला या. पण तो गेला."

"बरं," मालन म्हणाली, आणि पदराचा शेव मुठीत घट्ट आवळून तिने तोंडाला लावला.

*

परतीची एसटी दिवे घाटाला लागली, तेव्हा उन्हे कलली होती. खाली तळ्याचे पाणी एका तांबूस, थरथरत्या पत्र्यासारखे उजळले होते. पुणे धुरकट, पिवळसर, दूर पडत चालले होते. गाडी वळणावळणाने चढत होती. प्रत्येक वळणावर सूर्य एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात होता, आणि पुन्हा परत येत होता.

मालन खिडकीशी बसली होती. पहिल्या वळणापर्यंत ती बोलत होती. दुसऱ्या वळणावर तिचे वाक्य अर्ध्यावर थांबले. तिसऱ्या वळणावर तिची मान झुकली, सावरली, पुन्हा झुकली, आणि अखेर कुमुदच्या खांद्यावर येऊन टेकली.

कुमुदने तिच्याकडे पाहिले. किंचित उघडे तोंड, कपाळावर विस्कटलेले कुंकू, डोळ्यांखाली खोल, काळसर खळगे. ते खळगे कुणाचे जागरण होते, हे तिला आज कुणी सांगायला नको होते. मालनला असे गाढ झोपलेले तिने कधीच पाहिले नव्हते. घरात ती नेहमी एक कान उघडा ठेवून निजे. आता तो कानही मिटला होता.

कंडक्टर तिकिटे तपासत आला. कुमुदने ओठांवर बोट ठेवले, आणि दोन्ही तिकिटे डाव्या हाताने पुढे केली. तो हसून पुढे गेला.

खांदा भरून आला. मग दुखू लागला. मग त्याला मुंग्या आल्या, आणि मुंग्यांनंतर तो बधिर झाला. कुमुद हलली नाही. घाटमाथ्यावर वारा आला, पठाराचा, मोकळा, गवताच्या वासाचा. मालनच्या केसांची एक बट त्याने उडवली आणि कुमुदच्या गालावर आणून ठेवली. तिने ती बाजूला केली नाही. समोर सांज पसरत होती, शेतांवरून शेतांवर, डोंगरावरून डोंगरावर, निळी, मग सावळी, मग शांत. आणि त्या सांजेतून गाडी जात होती, सावकाश, सावकाश, दोन बायांना घेऊन. त्यांतली एक झोपली होती, आणि एक झोप सांभाळत होती.